खंडेनवमीला दिसणारं बाबांचं मशीन

खंडेनवमीच्या सकाळी महाळुंग्याच्या एमआयडीसीत एरवी न दिसणारी माणसं दिसतात. दुचाकीवर पुढे नव्या कपड्यातलं पोर, मागे ठेवणीतली साडी नेसलेली आई. आत मशीनवरचे तेलाचे ओघळ आदल्या दिवशीच पुसून काढलेले असतात. कंट्रोल पॅनेलवर हळदीकुंकवाची बोटं, स्पिंडलपाशी झेंडूची माळ, खाली नारळ आणि पेढ्यांचा पुडा. शेजारी स्वच्छ कापडावर व्हर्निअर, मायक्रोमीटर, पाने, कानशी ओळीने मांडलेल्या. या दिवशी घरच्यांना आत सोडण्याची पद्धत अनेक कारखान्यांत आहे. तिथे एक वाक्य पुन्हा पुन्हा कानावर येतं : "हे बघ, हे माझं मशीन."

पोर बघतं. बाबा रोज कुठे जातात हे त्याला ठाऊक असतं, पण तिथे जाऊन काय करतात हे त्याने कधी पाहिलेलं नसतं. शाळेत "वडील काय करतात?" असं विचारलं की या पट्ट्यातल्या मुलांचं उत्तर ठरलेलं असतं : "कंपनीत आहेत." या दोन शब्दांत फिटर मावतो, टर्नर मावतो, पेंट शॉपमधला माणूस मावतो आणि रात्रभर फोर्कलिफ्ट चालवणाराही मावतो. पण मुलाला त्यातून काहीच कळत नाही.

खेड तालुक्यातल्या या महाळुंग्याला मुळशीतल्या महाळुंग्यापासून वेगळं ओळखता यावं म्हणून महाळुंगे इंगळे म्हणतात. चाकणहून तळेगावकडे जाताना खराबवाडी मागे टाकली की ते लागतं. दोन पिढ्यांपूर्वी इथे बापाचं काम मुलापासून लपलेलं नव्हतं. चाकणचा बाजार कांद्याचा, भोवतालची गावं शेतीची. मूठभर माती दाबून वाफसा आला की नाही हे बाप कसं ओळखतो, कांद्याच्या माना पडल्या की काढणीला किती दिवस थांबतो, हे मुलगा बांधावर उभा राहून बघायचा. कोणी समोर बसवून शिकवत नव्हतं. काम डोळ्यांसमोर होतं आणि ते आपसूक अंगात उतरत होतं.

मग जमिनी एमआयडीसीत गेल्या. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झालं. पिंपरी-चिंचवड आधी भरलं, मग उद्योग चाकणकडे सरकले. बजाज ऑटोचा इथला कारखाना चाकणच्या नावाने ओळखला जातो, पण त्याच्या पत्त्यात गाव महाळुंगेच आहे. त्यानंतर फोक्सवॅगन, मर्सिडीज-बेंझ, महिंद्र आले आणि त्यांच्यामागून सुटे भाग बनवणाऱ्या असंख्य लहानमोठ्या कंपन्या. गावातली मुलं गेटच्या आत गेली. मराठवाड्यातून, विदर्भातून, खानदेशातून आलेली पोरं त्यांच्या शेजारी उभी राहिली. भाड्याच्या एकेका खोलीत तीन-तीन पाळ्यांची माणसं राहू लागली. एक उठतो तेव्हा दुसरा झोपतो. बापाचं काम उघड्या रानातून भिंतीआड गेलं, ते इथे एकाच पिढीत. आपल्या वडिलांना पूर्ण पाहिलेला माणूस स्वतः मात्र आपल्या मुलांना अर्धाच दिसू लागला, आणि या बदलाबद्दल फार कमी बोललं गेलं आहे.

घरी येतो तो त्या कामाचा उरलेला भाग. डबा, पुढे स्टीलची टोपी असलेले जड बूट, कितीही धुतला तरी कूलंटचा वास न सोडणारा युनिफॉर्म, नखांच्या कडेला राहिलेली काळी रेघ. आठवड्याने पाळी बदलते. तिसऱ्या पाळीच्या आठवड्यात बाबा दिवसा झोपतात म्हणून घरात सगळे हळू बोलतात. पण कामातली अक्कल, जिच्यासाठी या माणसाला पगार मिळतो, ती गेटच्या आतच राहते.

ती अक्कल म्हणजे काय, हे आयटीआयच्या फिटर ट्रेडला गेलेल्याला विचारावं. सुरुवातीला हातात लोखंडाचा ठोकळा आणि कानस देतात. तो ठोकळा घासून सपाट करायचा, कडा काटकोनात आणायच्या. दिवसेंदिवस हेच. मग गुन्या लावून उजेडाकडे धरायचा. गुन्या आणि लोखंड यांच्यामधून उजेडाची बारीक फट दिसली, तर पुन्हा घासायचं. बोटं सोलवटतात, दंड भरून येतात. आणि एके दिवशी ती फट दिसेनाशी होते. नेहमीचं व्हर्निअर ०.०२ मिलिमीटरपर्यंत माप दाखवतं, मायक्रोमीटर ०.०१ पर्यंत. माणसाचा केस साधारण ०.०७ मिलिमीटर जाड असतो. म्हणजे या हातांचं रोजचं काम केसाचा काही हिस्सा इकडे की तिकडे एवढ्या अंतरात चालतं. जुना टर्नर लेथचा आवाज बदलला की हत्याराची धार गेली हे ओळखतो. निघणाऱ्या चिप्स निळ्या पडल्या की किती ताप होतोय हे जाणतो. असा माणूस घरी दाराची बिजागरी बसवताना दोनदा मोजतो, तेव्हा बायको-मुलांना तो चिकित्सक वाटतो. खरं तर तेवढ्या क्षणापुरती कंपनीतली अक्कल घरात आलेली असते.

या पट्ट्यातल्या वडिलांनी जे बनवलं ते मात्र महाराष्ट्रभर रस्त्यावर धावलं. बजाजची चेतक १९७२ साली आली. आकुर्डीच्या कारखान्यातून निघणाऱ्या या स्कूटरसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसत. पुढे उभा लहानगा, मागे आई, मध्ये दाबून बसलेली ताई, असं अख्खं कुटुंब तिच्यावर मावायचं. थंडीत ती चालू झाली नाही की वडील तिला एका बाजूला कलंडवायचे, क्षणभर थांबायचे, सरळ करून किक मारायचे. पेट्रोल कार्बोरेटरकडे उतरावं म्हणून हा खटाटोप. त्यामागचं कारण माहीत नसलेली मुलंही मोठेपणी तस्संच करत. वडिलांकडून न बोलता मिळालेल्या विद्यांमध्ये ही एक मानावी.

पेट्रोलवरची चेतक २००० च्या दशकाच्या मध्यावर बंद झाली, आणि २००७ मध्ये आकुर्डीतलं वाहन-उत्पादनही थांबलं. पण २०१९ मध्ये हेच नाव विजेवर चालणारी स्कूटर घेऊन परतलं, आणि तिचं उत्पादन सुरू झालं ते याच चाकणच्या कारखान्यात. २०२२ मध्ये आकुर्डीच्या जुन्या जागेवर विजेच्या दुचाक्यांसाठी नवा कारखाना उभा राहिला. वडिलांनी जिथे इंजिन बसवलं तिथे आता मुलांची पिढी बॅटरी बसवते. मुलींचीही. या पट्ट्यात जोडणीच्या लाइनवर आता मुलीही उभ्या असतात आणि "पान्याला हात लावू नकोस, काळी होशील" हे घरातलं वाक्य मागे पडत चाललं आहे.

सगळाच वारसा गेटच्या आतला नाही. खेड तालुक्यात बैलगाड्याचा नाद बापाकडून मुलाकडे येतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये शर्यतींवर बंदी घातली, डिसेंबर २०२१ मध्ये त्यांना अटींवर परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये शर्यतींना परवानगी देणारा राज्याचा कायदा घटनापीठाने वैध ठरवला. मधल्या सात वर्षांत शर्यतींचे घाट ओस पडले, तरी अनेक घरांनी दावणीची खोंडं विकली नाहीत. पहिल्या पाळीहून येऊन बैलांना खरारा करणारा तरुण इथे नवलाचा नाही. जमीन गेली तरी दावण राहिली, आणि दावणीपाशी आजोबा आजही सगळ्यांना दिसतील असे काम करतात.

बापाच्या कामाची नोंद घरात नसली की काय होतं, हे मुंबईच्या गिरणगावाने पाहिलं. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, गिरण्या एकेक करून बंद पडल्या. पुढे गिरणी कामगारांना आणि त्यांच्या वारसांना घरं द्यायचं ठरलं, तेव्हा १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर माणूस कामावर होता याचा पुरावा मागितला गेला. मग ट्रंका उघडल्या गेल्या. वडिलांचा तिकीट नंबर कुठला, खातं साचेखातं की कताईखातं, ईएसआयचं कार्ड कुणाकडे, फंडाची पावती कुणी जपली? ज्या घरात ते कागद रद्दीत गेले होते, तिथे तीस-तीस वर्षांची मेहनत सिद्ध करता येईना.

कागदापलीकडची नोंदही होऊ शकते. नाशिक जिल्ह्यातल्या ओझरचे दामोदर रुंजाजी जाधव मुंबईत पोर्ट ट्रस्टमध्ये कामाला होते. शिक्षण जेमतेम. निवृत्तीनंतर मुलाच्या आग्रहावरून त्यांनी आपलं आयुष्य लिहायला घेतलं. हा मुलगा म्हणजे अर्थतज्ज्ञ आणि पुणे विद्यापीठाचे माजी कुलगुरू डॉ. नरेंद्र जाधव. त्या लिखाणातून 'आमचा बाप आन् आम्ही' हे पुस्तक झालं, १९९३ साली आलं आणि अनेक भाषांत गेलं. त्याची सुरुवात मुलाने बापाला काही विचारण्यातून झाली, हे फार मोलाचं आहे.

महाळुंग्यात आज हे विचारणं जास्त निकडीचं झालं आहे. आकुर्डी-पिंपरीच्या जुन्या कामगारांपैकी अनेकांनी एकाच कंपनीत तीस-पस्तीस वर्षं काढली. त्यांना "माझं मशीन" म्हणता आलं. आताचा कंत्राटी मुलगा वर्षभरात दोन-तीन गेट बदलतो. आज ब्रेकची लाइन, सहा महिन्यांनी वायरिंग हार्नेस, मग गोदाम. युनिफॉर्मचा रंग बदलतो, बिल्ल्यावरचं नाव बदलतं. वीस वर्षांनी त्याच्या लेकराने विचारलं, तर त्याने कुठल्या यंत्राला माळ घालून दाखवावी? हा प्रश्न नुसता आठवणींचा नाही, कामाच्या प्रतिष्ठेचा आहे. तो कायम नोकरीइतक्याच गांभीर्याने घ्यायला हवा.

निवृत्त टर्नरला कधी "तुम्ही आटे कसे पाडायचे?" असं विचारून बघावं. आधी तो म्हणेल, "त्यात काय सांगायचं!" मग हातातला चहाचा कप खाली ठेवेल. आटे पाडताना हत्यार शेवटाला पोचलं की दोन गोष्टी एकाच क्षणी कराव्या लागतात : एका हाताने हत्यार मागे घ्यायचं, दुसऱ्याने हाफ-नटचा लिव्हर उचलायचा. पळभर उशीर झाला तर जॉब गेला. सांगता सांगता त्याचे दोन्ही हात हवेत उठतात. डावा हात न दिसणारं हँडल झरकन उलटं फिरवतो, त्याच निमिषाला उजवा झटक्याने वर जातो. "कळलं?" तो विचारतो, आणि उत्तराची वाट न पाहता पुन्हा पहिल्यापासून करून दाखवतो.