आकसलेल्या दाण्याचं इंग्रजी नाव

दिवाळीनंतर गोंदिया जिल्ह्यातल्या धान खरेदी केंद्रांवर पोत्यांच्या थप्प्या लागू लागल्या, की काही आकडे शेतकऱ्यांच्या तोंडी असतात. ओलावा 17 टक्क्यांच्या आत हवा. अपरिपक्व, आकसलेले, सुरकुतलेले दाणे 3 टक्क्यांहून जास्त नकोत. सरकारी निकषांच्या इंग्रजी मसुद्यात या ‘आकसलेल्या’साठी ‘श्रंकन’ असा शब्द आहे.

‘श्रिंक’ म्हणजे लहान होणे, एवढंच आपण शाळेत शिकतो. पण हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीतला ‘स्क्रिंकन’ म्हणजे वाळणे, कोमेजणे, अंग आत ओढून घेणे. स्वीडिश भाषेतला त्याचा भाऊबंद शब्द आजही सुरकुतीसाठी वापरतात. म्हणजे आधी ओल गेली, आकार घटला तो त्यामुळे. धानाचा दाणा पाहिला की हा जुना अर्थच मला जास्त अचूक वाटतो.

धानाचं तूस लोंबी निसवण्याआधीच पुऱ्या मापाचं तयार असतं. फुलोऱ्यानंतर पानांत बनलेली साखर त्यात उतरते आणि तिचा स्टार्च होतो. आधी दूध, मग पिठूळ गोळा, मग कडक दाणा. याला साधारण महिना लागतो. धान दुधात असताना पाणी तुटलं, किंवा तुडतुड्याने बुंध्यातला रस शोषला, तर भरण मध्येच थांबतं. स्टार्च अर्धाच, उरलेली जागा पाण्याची. वाळताना पाणी प्रत्येकच दाण्यातून उडतं, पण भरल्या दाण्याला ठासलेला स्टार्च सावरून धरतो. अर्ध्या भरलेल्याच्या पेशी आत दबतात आणि त्यावर सुरकुत्या पडतात.

चौदाव्या शतकात ‘श्रिंक’ला बिचकण्याचा, मागे सरण्याचाही अर्थ चिकटला; शिंगं आत घेणाऱ्या गोगलगायीवरून तो सुचला असावा. आपल्याकडे ‘संकोच’ या एकाच शब्दात आकुंचन आणि भिडस्तपणा दोन्ही आहेत, आणि ‘अंग चोरणे’ तर हुबेहूब तेच चित्र.

मूठभर धान तळहातांत चोळून बघा. दोन तुसं मापाने अगदी जुळी निघतात. एकातून टपोरा, काचेसारखा तांदूळ पडतो. दुसऱ्यातून खडूसारखी पांढुरकी, चपटी काडी. रोवणी, निंदण, खत दोघांनाही सारखंच मिळालेलं असतं.