झाकली मूठ

माझ्या धाकट्या भावाने मला आजवर पुष्कळ प्रश्न विचारले आहेत. लहानपणी त्रैराशिके विचारली, लग्नाच्या वेळी मुलींचे फोटो पुढे ठेवून मत विचारले, आई गेल्यावर वाड्यातली खोली ठेवावी की सोडावी हेही विचारले. मोठ्या बहिणीने उत्तर द्यायचे असते, म्हणून मी देत आले. पण 2023 च्या ऑक्टोबरात ह्यूस्टनच्या त्याच्या घरी सकाळचा चहा घेताना त्याने जे विचारले, त्याची तयारी सदाशिव पेठेतल्या शाळेत बत्तीस वर्षे मराठी शिकवून निवृत्त झालेल्या बाईपाशी असणे शक्य नव्हते.

"ताई, तुला काय वाटतं? पिस्तूल कमरेला उघडं लावावं, की सदऱ्याखाली झाकून?"

मी बशीत चहा ओतत होते. तो निम्मा टेबलावर गेला.

वाचकहो, तुमच्याआमच्या घरात पिस्तूल येते ते दिवाळीत, आणि तेही टिकल्यांचे. हाच माझा भाऊ सहा वर्षांचा असताना ते चड्डीच्या नाड्यात खोचून आळीभर मिरवत असे. तेव्हा उघडे की झाकलेले हा प्रश्न त्याला पडला नव्हता, कारण न दिसणाऱ्या पिस्तुलाचा उपयोग काय? आता साठीच्या घरात आलेला, पोट सुटलेला, रक्तदाबाची गोळी घेणारा तो गृहस्थ माझ्यासमोर बसून गंभीरपणे तेच विचारत होता.

त्याला तसेच कारण होते. पेट्रोल पंपाला जोडून त्याचे छोटेसे दुकान आहे. दूध, पाव, चॉकलेटे, सिगारेटी, मोटारीचे तेल, असा सगळा माल. आदल्या हिवाळ्यात रात्री साडेनऊच्या सुमारास दोन पोरे आत आली आणि एकाने त्याच्या छातीवर पिस्तूल रोखले. गल्ल्यातले पैसे घेऊन दोघे पसार झाले. कॅमेऱ्यात पाहिले तर सगळे चाळीस सेकंदांत आटोपले होते. मला त्याने फोनवर एवढेच सांगितले होते, की "दुकानात किरकोळ चोरी झाली." खरी हकिगत वहिनीने सांगितली, तीही त्याच्या माघारी, पोळ्या लाटता लाटता. "वन्सं, तेव्हापासून ते रात्री तीनला उठून बसतात," ती म्हणाली. त्यानंतर महिन्याभरात घरात पिस्तूल आले होते.

ते मी हातात घेऊन पाहिले का, असे पुण्यात मला अनेकींनी विचारले. नाही. पाहुणी म्हणून व्हिसावर गेलेल्या परदेशी माणसाने तिथे बंदूक बाळगू नये असा सामान्यतः तिथला कायदा आहे. ती सवलत मला फार आवडली.

आपल्याकडे 1959 च्या शस्त्र कायद्याने परवाना मिळवता मिळवता माणसाचे जोडे झिजतात, आणि निवडणूक आली की परवान्याची बंदूकही बहुधा चौकीत जमा करावी लागते. तिकडची रीत उलटी. टेक्सास राज्यात 1 सप्टेंबर 2021 पासून एकवीस वर्षे पूर्ण झालेल्या, कायद्याने अपात्र न ठरलेल्या माणसाला पिस्तूल घेऊन हिंडायला परवानाच लागत नाही. उघडे लावायचे तर होल्स्टरमध्ये, म्हणजे त्या चामड्याच्या किंवा प्लास्टिकच्या म्यानात असले पाहिजे, एवढेच. 2024 अखेर अशी बिनपरवान्याची राज्ये एकोणतीस झाली. पण प्रत्येकाचा नियम निराळा. इलिनॉयमध्ये 2013 पासून परवाना घेऊन झाकून नेता येते, उघडे नेता येत नाही. राज्याची हद्द ओलांडली की सदरा आत खोचायचा की बाहेर काढायचा, हे आधी वाचून ठेवावे लागते.

मला वाटत होते की टेक्सासात हे पहिल्यापासूनच असणार. सिनेमातले घोडेस्वार तेच सांगतात ना? पण तसे नव्हते. तिथे 1871 साली पिस्तूल बाळगून हिंडण्यावर कायद्याने बंदी घातली. घर, दुकान, प्रवास असे अपवाद होते, पण सव्वाशे वर्षे सामान्य माणसाला कमरेला पिस्तूल लावून बाजारात जाता येत नव्हते. ॲरिझोनातल्या टूम्बस्टोन गावी 1881 साली ती प्रसिद्ध चकमक झाली, तीसुद्धा गावात शस्त्र आणू नये या नियमावरून पेटली.

त्याहून मौजेची गोष्ट म्हणजे लोकांच्या मनातली अब्रूची कल्पना तेव्हा उलटी होती. 1813 मध्ये केंटकी आणि लुईझियाना या राज्यांनी कायदे केले ते झाकलेल्या हत्याराविरुद्ध. मर्द माणूस शस्त्र उघड लावतो, झाकतो तो दगलबाज, असा त्या काळचा समज. आज एखाद्या दुकानात कमरेला पिस्तूल लटकवून कोणी शिरला, तर आया मुलांना जवळ ओढतात; आणि सदऱ्याखाली लपवून आलेला शेजारी सभ्य ठरतो. कोणत्या गोष्टीला सभ्यता म्हणावे हे दोनशे वर्षांत किती फिरते पाहा.

टेक्सासातली बंदी सुटली त्यामागे मात्र एक भयंकर प्रसंग आहे. 16 ऑक्टोबर 1991 रोजी किलीन गावातल्या एका खानावळीत एक माणूस दर्शनी काच फोडून गाडीच आत घेऊन आला आणि त्याने तेवीस माणसे मारली. सुझॅना हप नावाची एक डॉक्टरीण तिथे आईवडिलांबरोबर जेवत होती. तिच्याजवळ रिव्हॉल्व्हर होते, पण कायदा मोडला तर व्यवसायाचा परवाना जाईल या भीतीने तिने ते बाहेर गाडीत ठेवले होते. वडील त्या माणसावर धावून गेले आणि पडले. ती खिडकीतून निसटली, आई मात्र नवऱ्याशेजारून हलली नाही. दोघेही गेले. पुढे ही बाई गावोगावच्या विधिमंडळांपुढे साक्ष देत राहिली. 1993 मध्ये राज्यपाल ॲन रिचर्ड्स यांनी याबाबतचे विधेयक अडवले, 1995 मध्ये पुढचे राज्यपाल जॉर्ज बुश यांनी सही केली. पण परवानगी मिळाली ती फक्त झाकून नेण्याची. उघडे लावण्याची मुभा यायला 1 जानेवारी 2016 उजाडावा लागला.

ही कथा भावाने मला सांगितली तेव्हा त्याचा आवाज बदलला. "ताई, गाडीत राहिलेलं पिस्तूल काय कामाचं?" यावर मला काही बोलता आले नाही, आणि आजही येत नाही.

परवान्याची गरज नसली तरी त्याने परवाना घ्यायचे ठरवले होते. परराज्यात उपयोग होतो, आणि निदान कायदा तरी समजतो. त्याच्या परीक्षेला मी सोबत गेले, काचेपलीकडे बसले. पन्नास गोळ्या : वीस तीन वारांवरून, वीस सात वारांवरून, दहा पंधरा वारांवरून. अडीचशेपैकी एकशे पंचाहत्तर गुण मिळाले की पास. कानांवर टोप्या चढवूनही प्रत्येक बाराला माझा जीव दचकत होता. भाऊ पास झाला. शाळेत गणितात पास झाला होता तेव्हाही त्याने असेच मागे वळून माझ्याकडे पाहिले होते.

शिकवणारे गृहस्थ पोलिसातून निवृत्त झालेले, बोलायला मऊ. त्यांना मी मोडक्या इंग्रजीत तोच प्रश्न विचारला. ते म्हणाले, उघड्या पिस्तुलाला दोन गुण आहेत. हात चटकन पोचतो आणि चोराला आधीच दिसते. मग थोडे थांबून म्हणाले, चोराला आधीच दिसते हाच त्याचा दोषही आहे. कोणी परत फिरेल, कोणी पहिली गोळी तुम्हालाच घालेल, आणि कोणी मागून येऊन तेच पिस्तूल ओढेल. म्हणून पोलिसांच्या म्यानाला खटका असतो. झाकलेल्याचे दुखणे वेगळे. सदरा वर उचलून मग काढायचे, त्यात एखादा क्षण जातो, आणि तेवढ्यात काय व्हायचे ते होते. चाप पूर्ण झाकणारे म्यान हवे, ताठ पट्टा हवा, गाडीत बसले की ते बरगडीत रुतते. वजन म्हणाल तर भरलेले पिस्तूल साधारण किलोभर तांदळाच्या पुडीएवढे. शिवाय ह्यूस्टनच्या उकाड्यात पातळ सदऱ्यातून त्याचा उंचवटा दिसतो तो दिसतोच. "तुम्ही काय कराल?" मी विचारले. ते म्हणाले, "मी तीस वर्षं उघडं लावलं, कारण अंगावर गणवेश होता. आता झाकतो."

त्यानंतर मला एक नवाच छंद लागला : दारावरच्या पाट्या वाचणे. पुण्याच्या माणसाला पाटीचे वावडे नसतेच. टेक्सासात दुकानदाराला हत्यार नको असेल तर त्याने इंग्रजी आणि स्पॅनिश अशा दोन्ही भाषांत, एक इंच उंचीच्या अक्षरांत तसे लिहावे लागते. परवानाधारकाने झाकून आणू नये याची पाटी वेगळी, उघडे लावून येऊ नये याची वेगळी, आणि परवानाच नसणाऱ्यांसाठी 2021 पासून तिसरी. दारूच्या गुत्त्यावर लाल रंगात "51%" असे लिहिलेले असते. निम्म्याहून अधिक कमाई तिथे प्यायला दिलेल्या दारूची, तेव्हा पिस्तूल आत आणू नये, असा त्याचा अर्थ. 3 ऑगस्ट 2019 ला एल पासोच्या वॉलमार्टमध्ये हत्याकांड झाले, तेवीस माणसे गेली. पुढच्याच महिन्यात त्या कंपनीने गिऱ्हाइकांना विनंती केली, की उघडे लावून येऊ नका. झाकून आणू नका असे मात्र म्हटले नाही. वाण्याच्या दृष्टीने पाहिले तर हे मला पटले. न दिसणाऱ्या पिस्तुलाने दुसरे गिऱ्हाईक पळत नाही.

माझी भाची ऑस्टिनच्या विद्यापीठात शिकते. तिथे 1 ऑगस्ट 2016 पासून परवानाधारकाला झाकून आणता येते, उघडे नाही. ती म्हणाली, "आत्या, माझ्या शेजारच्या मुलाच्या पिशवीत काय आहे मला कळतच नाही. उघडं असतं तर मी निदान लांब तरी बसले असते." तेही खरेच होते. मी दोन्ही बाजूंनी मान डोलावीत होते, आणि भाऊ माझ्याकडे उत्तरासाठी पाहत होता.

शेवटी जे मनात होते ते मी बोलले. "तुझा रंग बघ," मी म्हटले. ते ऐकायला त्याला बरे वाटले नाही, मला म्हणायलाही नाही. पण 6 जुलै 2016 ला मिनेसोटात फिलँडो कॅस्टील नावाच्या काळ्या तरुणाची गाडी पोलिसाने अडवली. आपल्याजवळ परवान्याचे हत्यार आहे असे त्याने स्वतःहून, अदबीने सांगितले, आणि काही सेकंदांत त्याला गोळ्या लागल्या. तो पोलीस 2017 मध्ये निर्दोष सुटला. 15 सप्टेंबर 2001 ला ॲरिझोनात बलबीरसिंग सोधी हे शीख गृहस्थ स्वतःच्या पेट्रोल पंपाबाहेर मारले गेले, केवळ पगडीदाढीमुळे मारेकऱ्याने त्यांना भलतेच कोणी समजले म्हणून. चोरी झाली, कोणी पोलिसांना फोन केला, पोलीस धावत आत आले आणि समोर एक सावळा माणूस पिस्तूल लावून उभा. त्यात दुकानदार कोण आणि चोर कोण हे ओळखायला त्यांना किती वेळ मिळणार?

भाऊ बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "म्हणजे झाकूनच."

"मी झाकून म्हटलं नाही," मी म्हणाले, पण त्याने ते तसे घेतले असावे.

वहिनीचा प्रश्न निराळाच होता, आणि तो तिला कोणी विचारला नव्हता. ती इस्पितळात रक्त तपासण्याचे काम करते. अमेरिकेत बंदुकीने मरणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक स्वतःच्या हाताने मरतात, हे तिला कोणी सांगावे लागत नाही. "तुम्ही चोरापासून झाकताय की लोकांपासून, ते तुमचं तुम्ही ठरवा," ती नवऱ्याला म्हणाली. "रात्री तीनला उठून बसणाऱ्या माणसाच्या उशाशी मला ते नको. घरात आलं की पेटीत, आणि पेटीचा आकडा माझ्याकडे." त्यावर तो चिडला. मग तिच्या हातचे थालीपीठ न खाता दुकानात गेला. दोन दिवस घरात मीठ मागण्यापुरते बोलणे झाले. तिसऱ्या दिवशी वहिनीने पेटीचा आकडा बदलला आणि त्याने हूं की चूं केले नाही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमीची पूजा मांडली. आमच्या वडिलांच्या वेळेपासून घरात पूजेला असते ती अडकित्ता, विळी आणि सुतारकामाची पटाशी. वहिनीने पाटावर सुरी, शिवणाची कात्री, भाचीचा संगणक आणि भावाचा पान्हा ठेवला. तो आत गेला आणि पोलादी पेटी घेऊन आला. सगळे थांबले. वहिनीने पेटी उघडली नाही, उघडायला सांगितली नाही. हळदकुंकू वाहिले, अक्षता टाकल्या, वर झेंडूचे एक फूल ठेवले आणि पुढे कात्रीकडे वळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो दुकानात निघाला. वहिनीने आकडा फिरवला, त्याने पिस्तूल पट्ट्याच्या आत खोचले, वरून सदरा सोडला आणि दारात येऊन जोडे घालायला वाकला. पाठीवर उजवीकडे उंचवटा आला.

"दिसतंय," वहिनी म्हणाली.

ती आत गेली आणि एक माप मोठा, चौकड्यांचा सदरा घेऊन आली. त्याने तो तिथेच दारात बदलला. तिने मागून, पुढून, वाकायला लावून पाहिले आणि मग दार उघडले.

मी डिसेंबरात परत आले. त्याचे दुकान रात्री दहाला बंद होते. तेव्हा पुण्यात सकाळचे साडेआठ वाजलेले असतात, हिवाळ्यात साडेनऊ. "घरी पोचलो" असा त्याचा निरोप येईपर्यंत मी कुकर चढवत नाही.