निळे देवमासे आणि जहाजांची वाट

निळा देवमासा हा पृथ्वीवरील सर्वांत प्रचंड प्राणी. तो थंड समुद्रात उदरभरण करतो व उष्ण समुद्रात केवळ विणीसाठी येतो, असा समज शास्त्रज्ञांत रूढ होता. २००३ साली श्रीलंकेच्या आशा डी व्होस या तरुण संशोधिकेला लंकेनजीकच्या समुद्रात काही निळे देवमासे दिसले आणि जवळच त्यांची तांबूस विष्ठा तरंगताना आढळली. विष्ठा आहे, त्या अर्थी भोजनही येथेच होत असले पाहिजे! या साध्या अनुमानातून त्यांच्या संशोधनाला दिशा मिळाली. हे देवमासे हिंदी महासागराच्या उबदार पाण्यातच राहतात आणि कोळंबीसारख्या सूक्ष्म जीवांवर पोसतात.

परंतु लंकेच्या दक्षिणेस, दोंद्रा भूशिराजवळून, अत्यंत वर्दळीचा जहाजमार्ग जातो. जेथे अन्न, तेथेच जहाजांच्या धडकेने मरणही. हा मार्ग थोडा दक्षिणेस सरकवावा, असे संशोधकांचे सांगणे. २०२२ साली एका मोठ्या जहाज कंपनीने आपली जहाजे स्वेच्छेने दुरून नेण्यास आरंभ केला. इतरांनीही तसे केले पाहिजे.

किळसवाणी म्हणून जी वस्तू आपण टाळतो, तीही जिज्ञासूला मोठे ज्ञान देते, हे आमच्या बालवाचकांना घरोघरी अवश्य सांगावे, असे आम्हांस वाटते.