ऊस दीर्घ, पण उसाला ऱ्हस्व

या पानावर आपण नेहमी बियाणे, खते आणि फवारणीची माहिती वाचता. आजचा विषय जरा वेगळा आहे. तो आहे आपल्या मुलांच्या शुद्धलेखनाचा. शेतीच्या माणसाने शाळेत कशाला डोकवावे, असे कोणी म्हणेल. पण विचार करा, औषधाच्या डब्यावरची चिठ्ठी वाचून दाखवणारे, पीक विम्याचा अर्ज भरताना शेजारी बसणारे, बँकेचा मोबाईलवर आलेला संदेश समजावून सांगणारे घरात कोण असते? बऱ्याच घरी ती चौथी-पाचवीतली मुलगी असते. ती अडखळत वाचणार असेल तर घराचाच कारभार अडखळतो.

आता वही उघडून बघा. लाल रेघोट्या दिसतील, आणि त्यांतल्या निम्म्याअधिक वेलांटी-उकाराच्या असतील. पहिली द्यायची तिथे दुसरी, दुसरी द्यायची तिथे पहिली. मग शाळेत शिक्षा काय, तर तोच शब्द दहा वेळा लिही. आणि घरी आपण म्हणतो, "नीट ऐकून लिहीत जा ना!"

इथेच गफलत आहे. ऱ्हस्व-दीर्घ हे नुसते ऐकून कळत नाही. दिन म्हणजे दिवस आणि दीन म्हणजे गरीब. दोन्ही शब्द मोठ्याने म्हणून बघा. आपल्या बोलण्यात दोन्ही एकसारखेच येतात. शिर म्हणजे डोके आणि शीर म्हणजे रक्ताची नाडी, तेही तसेच. मोठ्यांच्या कानाला जो फरक सापडत नाही, तो आठ वर्षांच्या पोराला कसा सापडणार? मराठीत वेलांटी पहिली की दुसरी, हे बहुतेक वेळा ते अक्षर शब्दात कुठल्या जागी बसले आहे यावर ठरते. जागा ओळखायला शिकवले की मूल शब्द घोकत बसत नाही. आणि जागा ओळखायला शिकवण्याचा सोपा मार्ग म्हणजे शब्द निवडणे. आपण सुपात धान्य निवडतो, अगदी तसे.

पहिले दोन ढीग

जुन्या लग्नपत्रिका घ्या. कोणाच्या घरी नसतात? कोऱ्या बाजूचे पत्त्याएवढे तुकडे कापा आणि एकेका तुकड्यावर एकेक शब्द ठळक लिहा. पहिल्या दिवशी चौदा पुरेत : ऊस, विळा, तूर, भुसा, दूध, मुळा, मूग, सुरी, तीळ, जिरे, पीठ, दिवा, चूल, किडा. सगळे शब्द घरातले आणि रानातले. हे महत्त्वाचे आहे. जो शब्द मुलाला वाचता येत नाही किंवा ज्याचा अर्थ माहीत नाही, तो बाजूला काढा. अनोळखी शब्दावर नियम शोधता येत नाही.

ऊस आणि विळा हे दोन तुकडे वर शेजारी शेजारी ठेवा. बाकीचे मुलाच्या हातात द्या. प्रत्येक शब्द मोठ्याने वाचायचा, वेलांटी किंवा उकार दुसरा असेल तर उसाखाली ठेवायचा, पहिला असेल तर विळ्याखाली. नियम सांगू नका. एवढा संयम पाळा, कारण आपण नियम सांगितला की खेळ संपला आणि पुन्हा घोकंपट्टी सुरू झाली.

दोन ढीग झाले की विचारा, "ह्या ढिगातल्या शब्दांत सारखं काय आहे?" मूल आधी म्हणेल, "इथे दुसरा, तिथे पहिला." बरोबर आहे म्हणा. मग म्हणा, "आता फक्त शेवटच्या अक्षराकडे बघ." थोडा वेळ जातो. मग पोर ओरडते, "इकडं शेवटचं अक्षर मोकळं आहे! तिकडं त्याला काना, मात्रा नाहीतर वेलांटी आहे!" झाले. शेवटचे अक्षर मोकळे असेल तर त्याच्या आधीचे दीर्घ, शेवटच्याला काही लागलेले असेल तर आधीचे ऱ्हस्व. व्याकरणात याला उपान्त्य अक्षराचा नियम म्हणतात. ते नाव पोराला आजच कळले पाहिजे असे काही नाही.

चूक झाली तर लगेच "चुकलं" म्हणू नका. "हा ढीग वरपासून पुन्हा वाच" एवढेच म्हणा. भुशात सापडलेला मूग त्याचा त्यालाच दिसतो.

दुसऱ्या दिवशी याच शब्दांची रूपे लिहा. चूल-चुली, दूध-दुधात, ऊस-उसाला, तूर-तुरीची, तीळ-तिळाचा, पीठ-पिठात. त्यात वीट-विटा, मूल-मुले, पीक-पिके, विहीर-विहिरीत, जमीन-जमिनीला घाला. ऊस दीर्घ, पण उसाला ऱ्हस्व का, असे आपण विचारलेत तर आदल्या दिवशीचेच उत्तर मिळेल : शेवटच्या अक्षराला काही लागले की मागचे आखडते. वेगळा नियम शिकवावाच लागत नाही. पंढरपूर आणि पंढरपुरात, सोलापूर आणि सोलापुरात हेही याच न्यायाने. एसटीच्या पाट्या वाचताना मुले मग स्वतःच हे शोधत बसतात.

तिसरा ढीग

प्रत्येक डावात तिसऱ्या ढिगाची जागा राखून ठेवा. जे शब्द दोन्हीकडे बसत नाहीत ते तिथे. गावाकडची पोरे त्याला 'विजोड' म्हणतात. नाव चांगले आहे.

उदाहरणार्थ डाळिंब. शेवटचे अक्षर मोकळे आहे, म्हणजे आधीची वेलांटी दुसरी हवी होती. पण आहे पहिली. चिंच, भिंत, उंच यांचेही तसेच. हे शब्द एकाखाली एक मांडले की डोक्यावरचे टिंब दिसू लागते. मराठी शब्दात अनुस्वार असलेल्या अक्षराचा इकार-उकार ऱ्हस्व राहतो. म्हणजे विजोडांचाही एक वाण निघाला!

मग येतात विष, गुण, सुख, हित. शेवटचे अक्षर मोकळे, टिंबही नाही, तरी ऱ्हस्व. हे शब्द संस्कृतातून जसेच्या तसे आले आहेत आणि येताना आपली वेलांटी बरोबर घेऊन आले आहेत. उलट बाजूला पूजा, परीक्षा, भीती. इथे शेवटच्या अक्षराला काना-वेलांटी असूनही आधीचे दीर्घ आहे. हे शब्द मात्र पाठच करावे लागतात. दुसरीच्या मुलापुढे ते ठेवू नका, चौथीत ठेवा. 'विष' तेवढा लवकर शिकवा. कीटकनाशकाच्या डब्यावर रंगीत चौकोन असतो : लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा. तो चौकोन आणि हा शब्द घरातल्या प्रत्येक पोराला ओळखता आलाच पाहिजे.

आमच्या भागातल्या वाडीवरच्या एका द्विशिक्षकी शाळेत बाई हा खेळ घेतात. तिथे एकदा कापूस, पाऊस, लाकूड, माणूस एका बाजूला होते आणि जमीन, वकील, गरीब दुसऱ्या बाजूला. कापसाला, पावसाला, लाकडाला, माणसाला यांत मधला उकार गळून पडतो. जमिनीला, वकिलाला, गरिबाला यांत तो इकार नुसता ऱ्हस्व होतो. पोरांनी फरक हुडकला : पहिले अक्षर कापूस-माणूसमध्ये दीर्घ आहे, जमीन-गरीबमध्ये ऱ्हस्व. मग उडीद आला. पहिले अक्षर ऱ्हस्व, म्हणून एका मुलाने तो जमिनीखाली ठेवला. शेजारची मुलगी म्हणाली, "आमची आई उडदाची डाळ म्हणते, उडिदाची कोण म्हणतं?" तेवढ्यात कोणीतरी लसणाची चटणी काढली. बाईंनी निकाल दिला नाही. उडीद आणि लसूण दोन्ही विजोडांत गेले. मला विचाराल तर त्या अर्ध्या तासात पोरांनी जेवढी मराठी शिकून घेतली तेवढी महिनाभराच्या श्रुतलेखनात होत नाही. श्रुतलेखन पीक मोजते, पेरत नाही.

हे नियम कोणी मनाने केलेले नाहीत. मराठी साहित्य महामंडळाने १९६२ साली चौदा नियम तयार केले, १९७२ साली त्यांत चारांची भर पडली आणि शासनाची मान्यता मिळाल्यावर शाळा-कचेऱ्यांत हेच अठरा नियम चालत आले. आपल्या खात्याचे नावच घ्या. शब्द सुटा असेल तर कृषी, शेवटची वेलांटी दुसरी. पण जोडून आला की कृषिप्रधान, कृषिमंत्री. तसेच पशू आणि पशुधन, भूमी आणि भूमिहीन, रवी आणि रविवार. सरकारी फलकांवर दोन्ही तऱ्हा दिसतात हे कबूल. ग्रामपंचायतीच्या भाऊसाहेबांना आणि सरपंचांना एक विनंती : भिंतीवर 'पाणि वाचवा' किंवा 'काम सुरु आहे' रंगवण्याआधी मजकूर शाळेत एकदा दाखवून घ्या. पाणी आणि सुरू, दोन्हींचा शेवट दीर्घ. ती भिंत पोरे रोज येता-जाता वाचतात.

घरच्या बोलीचे काय

आपल्याकडे काही घरांत पाणीला पानी म्हणतात, कोणला कोन. अशा मुलांसाठी ण आणि नचे ढीग करा : पाणी, दाणा, वेणी, कणीस एकीकडे, पान, कान, नांगर, माती नव्हे तर मान दुसरीकडे. (माती मुद्दाम घातली. असा एखादा घुसखोर टाकला की मुले सावध होतात.) मात्र घरचे बोलणे चुकीचे आहे असे पोराला चुकूनही सांगू नये. बोली आजीची आहे. पुस्तकात कसे लिहितात एवढेच आपण शिकवतो आहोत.

इंग्रजी आपल्याकडे २००० सालापासून पहिलीपासून आहे, तिथेही हे चालते. ट्रेन आणि रेन यांत 'ए-आय' मधे येतात. डे आणि प्ले यांत 'ए-वाय' शेवटी. पोराला दोन ढीग करायला लावा, जागा त्याला दिसेल. मुळात शब्द निवडण्याची ही रीत अमेरिकेतल्या इंग्रजीच्या वर्गांत रुजली. व्हर्जिनिया विद्यापीठातील एडमंड हेंडरसन यांच्या परंपरेतल्या चार अभ्यासकांनी १९९६ साली 'वर्ड्स देअर वे' हे पुस्तक काढले आणि ती सगळीकडे पोचली. मराठीला तर ती जास्तच सोयीची, कारण आपल्याकडे शब्द गटात बसतात आणि विजोड कमी निघतात.

आई-वडिलांनी काय करावे

दहा-पंधरा मिनिटे, आठवड्यातून तीन-चार वेळा, एवढे बस्स. तेच तुकडे पुन्हा पुन्हा निवडू द्या. हात बसला की डोळे मिटून खेळा : एकाने शब्द वाचायचा, दुसऱ्याने न बघता कुठल्या ढिगात जाईल ते सांगायचे. शेवटी ढीग वहीत उतरवायचे आणि धड्यातून त्याच जातीचे आणखी पाच शब्द हुडकून आणायचे.

आईला वाचता येत नसेल तरी अडत नाही. तिने एकच प्रश्न विचारावा, "हा इथंच का ठेवलास?" पोराला कारण सांगता आले तर समजले आहे. नाही आले तर उद्या परत. दिवेलागणीला भाकरी थापता थापता हे होऊ शकते.

शाळा व्यवस्थापन समितीवर जे पालक आहेत त्यांनीही यात लक्ष घालावे. शिक्षण हक्क कायद्याने या समितीत तीन-चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत, पण बैठकीत चर्चा होते ती बहुधा पोषण आहार आणि कंपाउंडची. 'निपुण भारत' अभियान २०२१ साली सुरू झाले ते तिसरीपर्यंत मुलाला समजून वाचता यावे म्हणून. ते येते की नाही हे बघायला एक साधी चाचणी आहे. मुलाने कधी न निवडलेले शब्द द्या : वीज-विजेला, भूक-भुकेला, शीळ, झूल, पूल-पुलावर. पाठ केलेले मूल इथे अडेल. निवडून शिकलेले मूल शेवटचे अक्षर बघेल आणि लिहील. अडणारी जास्त निघाली तर गुरुजींवर खापर फोडू नका, तुकडे कापायला चार पालक पाठवा. दोन वर्ग सांभाळणाऱ्या शिक्षकाला तेवढा वेळ नसतो.

ऊसतोडीला जाणाऱ्या बंधूंसाठी एक सूचना वेगळी. दिवाळीच्या सुमारास गाव सुटते ते गळीत हंगाम संपेपर्यंत. हंगामी वसतिगृहात किंवा आजीपाशी मूल ठेवता आले तर उत्तमच. पण बरोबर न्यावेच लागले, तर निघण्यापूर्वी गुरुजींकडून साठ-सत्तर शब्दांचे तुकडे लिहून घ्या आणि बिस्किटाच्या डब्यात भरा. डबा भांड्यांच्या पोत्यात मावतो, भिजत नाही, त्याला वीज लागत नाही आणि रेंजही लागत नाही. कोपीसमोर दोन भावंडे बसून तो निवडू शकतात. फडात रोज दिसणारे शब्दही त्यात असावेत : ऊस-उसाचा, मोळी, वाढे, कोयता, गाडी, बैल, चूल-चुलीवर. ज्या शब्दांत इकार-उकार नाही ते कुठल्या ढिगात ठेवायचे, हे पोरांनाच ठरवू द्या.