शिकाऊ डॉक्टर आणि सिगारेट

नाइट ड्यूटी उतरली की गेटबाहेरच्या टपरीवर कटिंग, सोबत एक सुटी सिगारेट. निवासी डॉक्टरांना ही सवय अनेकदा जागरणातूनच लागते. खरं तर तिथली ती विक्रीच बेकायदा आहे. शाळा असो वा मेडिकल कॉलेज, २००३च्या कायद्याने शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकता येत नाही. सुट्या सिगारेटींवर महाराष्ट्राने २०२०मध्ये बंदी घातली.

धूम्रपानाचा धोका मोजला गेला तोही डॉक्टरांवरच. डॉल आणि हिल यांनी १९५१मध्ये ब्रिटनमध्ये सुरू केलेल्या पाहणीत सिगारेट ओढणारे डॉक्टर सरासरी १० वर्षं आधी गेले. तिसाव्या वर्षी सोडणाऱ्यांची मात्र ही जवळपास सगळी वर्षं वाचली. इंटर्नशिपमध्येच हे सांगायला हवं.

सोडण्यासाठी मोफत मदत: १८००-११-२३५६