घाटाची चढण आणि सायकलीचा सांगाडा

मुंबईहून नाशिककडे येणारी आगगाडी कसारा सोडून थळघाटात शिरते, तेव्हा तिची खरी कसोटी लागते. सुमारे १५ किलोमीटरांच्या अंतरात तिला जवळजवळ ३०० मीटर उंची चढून इगतपुरी गाठावयाची असते. काही ठिकाणी तर ३७ मीटर पुढे जाताना १ मीटर चढावे लागते. १८६५ साली हा लोहमार्ग सुरू झाला. तेव्हापासून जड गाड्या वर ढकलण्यासाठी येथे मागून जादा इंजिने जोडण्याची रीत पडली. परंतु याच घाटाच्या रस्त्याने सायकलीवरून चढणाऱ्या स्वाराच्या मदतीला असे कोणतेही इंजिन येत नाही. त्याचे इंजिन म्हणजे त्याचे दोन पाय! त्या पायांचे बळ वाया जाऊ न देता चाकांपर्यंत पोहोचविणे हे सायकलीच्या सांगाड्याचे काम होय.

पूर्वीच्या सायकलींची पुढची चाके माणसाच्या छातीइतकी उंच असत. पायडले त्या चाकालाच बसविलेली असल्यामुळे ज्याचे पाय लांब, त्याचे चाक मोठे, असा हिशेब असे. १८८५ साली इंग्लंडमधील कॉव्हेंट्री या शहरात जॉन केंप स्टार्ली याने ‘रोव्हर’ नावाची सायकल तयार केली. तिची दोन्ही चाके जवळजवळ सारखी होती आणि पायडलांचे बळ साखळीच्या द्वारे मागच्या चाकाला मिळत होते. आता चाकाचे माप पायांवर अवलंबून राहिले नाही. पुढे काही वर्षांतच सायकलीच्या सांगाड्याला आजचा परिचित आकार आला. या आकारात मुख्यतः दोन त्रिकोण दिसतात. चार काड्यांचा चौकोन बांधून दाबला, तर तो लगेच वाकडा होतो. तीन काड्यांचा त्रिकोण मात्र आपला आकार सोडत नाही. सांगाड्याच्या बळकटीचे रहस्य हेच आहे. परंतु सांगाडा केवळ बळकट असून भागत नाही. त्याचे कोनही योग्य असावे लागतात.

हे कोन का महत्त्वाचे आहेत, ते एका सोप्या प्रयोगाने समजते. खुर्चीवर ताठ बसावे, पाय पुढे पसरावे आणि न वाकता उठण्याचा प्रयत्न करावा. कितीही बळ लावले, तरी उठता येत नाही. पाय मागे घेऊन शरीर थोडे पुढे झुकविले, की सहज उठता येते. आधी शरीराचा भार पावलांच्या मागे होता. आता तो पावलांवर आला. सायकलस्वाराचेही असेच आहे. बैठक पायडलांच्या फार मागे असेल, तर पाय खाली दाबण्याऐवजी पुढे ढकलले जातात आणि मांड्या लवकर थकतात.

बैठक किती मागे असावी, हे तिच्या खालच्या कललेल्या नळीवरून ठरते. साध्या रस्त्यावर वेगाने धावणाऱ्या सायकलीत ही नळी जमिनीशी सुमारे ७३ अंशांचा कोन करते. आता दर १० मीटरांना १ मीटर चढणारा रस्ता घ्या. तो सुमारे ६ अंशांनी वर गेलेला असतो. त्या रस्त्यावर संपूर्ण सायकलच ६ अंशांनी मागे कलते आणि ७३ अंशांची नळी ६७ अंशांवर येते. स्वाराचा भार मागच्या चाकाकडे सरकतो, पुढचे चाक हलके होते आणि चढण फार तीव्र असेल, तर ते चक्क वर उचलले जाते. म्हणूनच चढणीवर अनुभवी स्वार बैठकीच्या पुढच्या टोकावर सरकतो आणि छाती हँडलकडे झुकवितो. डोंगरी सायकली बनविणारे कारागीर आज ही नळी ७५ ते ७७ अंशांपर्यंत उभी ठेवतात, ती याच कारणाने. मागचे चाक पायडलांपासून जरा दूर ठेवले, तरीही पुढचे चाक सहजी उचलले जात नाही. परंतु अशी सायकल अरुंद वळणावर चटकन वळत नाही.

पुढच्या चाकाच्या चिमट्याचाही विचार करावा लागतो. रस्त्यावरच्या सायकलीत त्याचा कोनही ७३ अंशांच्या आसपास असतो. डोंगरी सायकलीत तो ६४ ते ६७ अंशांपर्यंत कललेला ठेवतात. त्यामुळे पुढचे चाक स्वारापासून दूर जाते आणि दगडधोंड्यांच्या उतारावर सायकल स्थिर राहते. मात्र तीच सायकल चढणीवर संथ चालू लागली, की तिचे पुढचे चाक डावीउजवीकडे भरकटू पाहते. उतारावर जो गुण, तोच चढणीवर दोष ठरतो!

हा धडा अमेरिकेतील काही तरुणांनी स्वानुभवाने घेतला. १९७०च्या सुमारानंतर कॅलिफोर्नियातील टॅमलपायस या डोंगराच्या उतारावरून ते जुन्या, जड, रुंद धावांच्या सायकली भरधाव सोडीत. परंतु त्या सायकलींना चढण झेपत नसे. त्या हाताने ढकलीत किंवा मोटारीत घालून वर न्याव्या लागत. तेव्हा १९७७ साली जो ब्रीझ याने डोंगरासाठीच नवा सांगाडा तयार केला व सायकलीला गिअरही बसविले. डोंगरी सायकलींच्या इतिहासात तिला मानाचे स्थान आहे.

सांगाडा कितीही उत्तम असला, तरी तो स्वाराच्या मापाचा नसेल तर सारे व्यर्थ होय. आपल्याकडे वाढत्या अंगाचे म्हणून मुलांना मोठे कपडे शिवतात. तशीच सायकलही मोठी घेतली जाते. मोठा सदरा फार तर ढगळ दिसतो. मोठी सायकल मात्र गुडघे दुखविते. तासभर मिनिटाला ७० फेऱ्या या गतीने पायडले फिरविली, तर प्रत्येक गुडघा ४,२०० वेळा वाकतो. माप चुकीचे असेल, तर ती चूक ४,२०० वेळा घडते. दांड्याखालून पाय घालून वडिलांची सायकल चालविणारी मुले पूर्वी गावोगाव दिसत. त्यांची हौस मोठी होती. परंतु त्या रीतीने चढण चढणे फार कठीण. चढणीवर मागे पडणाऱ्या मुलाला वाटते, आपल्या पायांत बळच नाही. पुष्कळदा दोष पायांत नसतो, मापात असतो.

माप पाहण्याची रीत सोपी आहे. सायकल पायांमध्ये घेऊन उभे राहिल्यावर दोन्ही तळवे जमिनीवर सपाट टेकले पाहिजेत आणि वरचा दांडा अंगाला लागता कामा नये. बैठकीवर बसून टाच सर्वांत खालच्या पायडलवर ठेवली असता पाय जेमतेम सरळ व्हावा. म्हणजे पुढे चवड्याने पायडल मारताना गुडघा किंचित वाकलेला राहतो. हँडल धरल्यावर कोपरेही थोडी वाकलेली असावीत, खांदे ताणलेले नसावेत. बैठक वरखाली करता येते. परंतु सांगाडा लहानमोठा करता येत नाही. म्हणून सायकल घेताना प्रथम सांगाड्याचे माप पाहावे.

नाशिकच्या हितेंद्र आणि महेंद्र महाजन या डॉक्टर बंधूंनी २०१५ साली अमेरिका आडवी ओलांडण्याची सायकल शर्यत नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. पॅसिफिक किनाऱ्यापासून अटलांटिक किनाऱ्यापर्यंत सुमारे ४,८०० किलोमीटरांची ही वाट वाळवंटातून व उंच पर्वतांतून जाते. दोघांच्या संघाने ती पार करणारा हा पहिलाच भारतीय संघ होता. त्यामागे त्यांचे परिश्रम आणि निश्चय होताच. परंतु एवढ्या लांब प्रवासात मापातील बोटभर चूकही शरीराला सोसत नाही.

घाट कोणासाठी सपाट होत नाही. पण सायकल स्वाराच्या मापाची असली, की त्याच्या पायांचे बळ वाटेत हरवत नाही आणि घाटमाथा हळूहळू का होईना, जवळ येत जातो.