लाल फितीची पिन

आमच्या घरी चमचे मोजले जातात. रात्री जेवणे उरकली, भांडी घासून झाली, की माझे सासरे ओट्यापाशी येतात, चमचे, डाव, झारे, सुऱ्या यांवरून एकदा नजर फिरवतात, ओठांतल्या ओठांत काही पुटपुटतात आणि मगच झोपायला जातात. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा हा प्रकार पाहून मला रागच आला होता. सुनेच्या माहेरचे कोणी चमचे पळवील अशी भीती वाटते की काय, असे मी यजमानांना फणकाऱ्याने विचारलेही. ते हसून म्हणाले, "अगं, बाबा एअर फोर्समध्ये होते ना!" आता विमाने आणि चमचे यांचा संबंध काय, हे मराठीच्या प्राध्यापिकेला कसे कळावे? ते कळायला पुढे वीस वर्षे जावी लागली.

मामंजी (हा शब्द आमच्याकडे अजून टिकून आहे, आणि तो टिकवण्यात माझाही थोडा वाटा आहे) १९६५ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, हवाई दलात भरती झाले. मद्रासजवळ तांबरमला शिक्षण झाले आणि ते फिटर बनले. पंधरा वर्षांनी सेवा संपवून एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये लागले. "एअर फोर्समध्ये म्हणजे पायलट?" असे कुणी विचारले, की ते शांतपणे सांगतात, "नाही. पायलटला बसवून देणारा." विचारणाऱ्याचा चेहरा जरासा उतरतो आणि गप्पा दुसरीकडे वळतात. त्यामुळे युद्धाविषयी ते घरात कधी बोललेच नाहीत. त्यांना कुणी विचारलेच नाही, हे अधिक खरे.

गेल्या वर्षी दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा निघाला. आत पीळ घातलेल्या बारीक तारेचे वेटोळे होते आणि विटकरी पडलेली लाल फीत बांधलेली एक पोलादी पिन. शिवणयंत्राचा एखादा सुटा भाग असेल, असे समजून मी डबा भंगाराच्या ढिगात टाकला. तेव्हा मामंजी इतक्या मोठ्याने ओरडले, की भिंत पुसणारी बाई शिडीवरून उतरलीच. त्यांचा चढलेला आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. त्याचे त्यांनाही वाईट वाटले असावे. दुपारी चहा घेताना पिन समोर ठेवून ते आपणहून बोलू लागले.

१९७१ साली ते कॉर्पोरल होते आणि पठाणकोटच्या तळावर हंटर विमानांवर त्यांचे काम होते. हंटर म्हणजे इंग्रजी बनावटीचे, एकाच वैमानिकाचे जेट विमान. आपल्याकडे ती १९५७ पासून येऊ लागली. पठाणकोटला १९६५ चा धडा चांगलाच ठाऊक होता. त्या वर्षी ६ सप्टेंबरला शत्रूने अचानक येऊन तळावर उभी असलेली विमाने जाळली होती. म्हणून या खेपेस विमाने जाड भिंतींच्या आडोशाला, एकमेकांपासून दूर ठेवलेली होती. ३ डिसेंबरच्या संध्याकाळी पाकिस्तानी विमानांनी आपल्या तळांवर एकदम हल्ला चढवला, त्यात पठाणकोटही होते.

"भीती वाटली का?" मी विचारले.

"वेळ कुठे होता? सकाळी विमानं जायची होती."

इथे मामंजी खुलले. हंटरच्या पोटाखाली ३० मिलिमीटरच्या चार तोफा आणि त्यांचा दारूगोळा असा सगळा संच एका पेटीसारखा बसवलेला असतो. विमान परत आले, की एक-एक तोफ भरत बसायचे नाही; रिकामी पेटी खाली घ्यायची आणि भरलेली वर चढवायची. नळ्या तेवढ्या विमानातच राहतात. हे ते अशा कौतुकाने सांगत होते, की माझ्या सासूबाई हयात असत्या तर त्यांना हेवा वाटला असता! डिसेंबरची पंजाबातली थंडी, उघड्या हाताला चटका देणारा धातू, पूर्ण अंधार, विजेरीच्या काचेवर लाल कागद. अशात नट सैल होऊ नये म्हणून त्याला बारीक तार पीळ देऊन बांधायची. डब्यातली तार तीच. आमच्या घरातल्या बादलीची कडी आणि तुळशीवृंदावनाची जाळी अशाच पिळाने बांधलेली आहे, हे मला त्या क्षणी आठवले.

आणि हत्यारे मोजायची. प्रत्येक पान्याची जागा ठरलेली. काम संपल्यावर एक जरी पाना कमी भरला, तरी तो सापडेपर्यंत विमान सोडायचे नाही. विसरलेला पाना आकाशात घरंगळून नेमका कुठे अडकेल, याचा काय भरवसा? सगळे ठीक असल्याची सही 'फॉर्म ७००' नावाच्या वहीत करायची. त्या सहीवर विश्वासून वैमानिक शिडी चढतो.

मग त्यांनी पिन उचलली. हंटरमध्ये वैमानिकाची खुर्ची स्फोटाच्या जोराने बाहेर फेकली जाते, म्हणजे विमान कोसळू लागले तर तो पॅराशूटने उतरू शकतो. ही खुर्ची जमिनीवरच उडू नये म्हणून तिला पिना लावलेल्या असतात. उड्डाणापूर्वी फिटर शिडीवर चढतो, वैमानिकाचे पट्टे आवळतो, पिना काढतो आणि त्याला दाखवतो. एक जरी पिन राहिली, तर खुर्ची जागची हलणार नाही.

"त्या दिवशी चार गेली. आम्ही आवाजावर मोजायचो. तीन आली."

तारीख त्यांनी सांगितली नाही, त्या साहेबांचे नावही नाही. मीही विचारले नाही. परतलेल्यांनी सांगितले की जमिनीवरून आलेला तोफेचा मारा लागला. पॅराशूट मात्र कुणी पाहिले नव्हते. रीतीप्रमाणे ती वही ताबडतोब चौकशीसाठी ताब्यात घेतली गेली.

"पॅराशूट नाही म्हटल्यावर माझे पाय गेले, सूनबाई. मी पिना काढल्या होत्या. पण सगळ्या काढल्या होत्या का? खिशात हात घालायचं धाडस होईना. शेवटी भिंतीआड जाऊन बॅटरीच्या उजेडात मोजल्या. सगळ्या होत्या. परत मोजल्या. तिसऱ्यांदाही मोजल्या. पहाटे दुसरं विमान दिलं मला, तेव्हाही पहिलं काम शिडी चढायचंच."

बाकीच्या पिना त्यांनी स्टोअरमध्ये जमा केल्या, एक ठेवली. "चोरीच म्हण हवी तर," ते म्हणाले.

त्या युद्धावर पुष्कळ लिहिले गेले आहे. १४ डिसेंबरला श्रीनगरच्या आकाशात एकट्याने झुंजलेल्या निर्मलजितसिंग सेखों यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. हवाई दलाचे ते एकमेव. भुजची उखडलेली धावपट्टी माधापर गावच्या सुमारे ३०० बायकांनी ७२ तासांत दुरुस्त केली आणि त्या तळाचे प्रमुख विजय कर्णिक हे मराठी होते, हे आता सिनेमामुळे मुलांनाही माहीत आहे. पण शिडी चढणाऱ्या फिटरला मी कोणत्याच पुस्तकात भेटले नव्हते, आणि तो माझ्याच घरात रोज रात्री ओट्यापाशी उभा होता.

"पण मामंजी, सगळ्या पिना भरल्या म्हणजे तुमची काहीच चूक नव्हती," मी न राहवून म्हटले.

"नव्हतीच," ते म्हणाले आणि पिनेची फीत बोटाला गुंडाळत राहिले.

डबा पुन्हा माळ्यावर गेला. त्या रात्री एक चमचा कमी भरला. मामंजी काही बोलले नाहीत, पण ओट्यापासून हललेही नाहीत. मी कपाट पाहिले, मोरी पाहिली. शेवटी तो चिवड्याच्या डब्यात राहिलेला सापडला. मी तो धुतला, पुसला आणि त्यांच्या हातात दिला.